इतिहासाच्या उत्तराला गुण नेमके कशाचे द्यायचे?

भीमाकाठ (धागालेखक)

नमस्कार मंडळी.

तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात मी बी. ए. च्या मुलांना इतिहास शिकवतो. अकरा वर्षं झाली, त्यातली पहिली सात तासिका तत्त्वावर काढली. मागच्या आठवड्यात अंतर्गत चाचणीचे पेपर तपासताना दोन उत्तरं पाठोपाठ हातात आली. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा धागा काढतोय.

प्रश्न नेहमीचाच होता : 'दख्खनच्या दंग्यांची कारणे सविस्तर लिहा.' गुण १०. (१८७५ साली पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेले दंगे.)

पहिलं उत्तर साडेसहा पानांचं. सावकारांची पिळवणूक, शेतकऱ्यांचा अडाणीपणा, लग्नकार्यातला खर्च, दुष्काळ, न्यायालयांची पद्धत. प्रत्येक मुद्दा काळ्या पेनाने अधोरेखित, समास आखलेला, अक्षर मोत्यासारखं. सगळं गाईडातलं जसंच्या तसं. गाईडात छपाईच्या चुकीने १८७५ चं १८५७ झालंय, ते सालसुद्धा तसंच उतरलं होतं.

दुसरं दीड पानाचं. अक्षर वाईट, शुद्धलेखनाच्या चुका. पण त्या मुलाने लिहिलं होतं, 'सुप्याला १२ मे १८७५ ला लोकांनी सावकाराकडे आधी वह्या आणि कर्जरोखे मागीतले आणि ते जाळले. म्हणजे राग कागदावर होता. हा कागद दर तीन वर्षांनी नवा का करावा लागायचा ते बघीतलं पाहिजे.' पुढे मुदतीचा १८५९ चा कायदा सांगितला होता. रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली, हेतू शेतकऱ्याचं व्याज साचू नये हा, आणि झालं उलटंच : मुदत संपली की सावकार मुद्दल-व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घ्यायचा. आणि शेवटची दोन वाक्यं अशी : 'चौकशीचा अहवाल म्हणतो की कारण सावकार होते, शेतसारा नव्हता. पण सारा सरकारच घेत होतं.'

हात सवयीने चालतो. पहिल्याला ७ दिले, दुसऱ्याला ४. रात्री जेवताना ते शेवटचं वाक्य आठवलं आणि घास अडकला. एकोणीस वर्षांच्या पोराने अहवाल लिहिणाऱ्याचा हितसंबंध ओळखला होता. इतिहास शिकवायचा म्हणजे याहून वेगळं काय शिकवायचं असतं? आणि त्याला मी नापासाच्या काठावर बसवलं होतं.

सकाळी दोन्ही पेपर पुन्हा काढले. दुसऱ्याला ८ केले. पहिल्याला ५.

मग एक कागद तयार केला. वर्गात वाटायचा आहे. त्यात लिहिलंय की १० गुणांच्या उत्तरात ४ गुण माहितीला : कोण, कुठे, कधी, काय झालं. ३ गुण पुराव्याला : हे आपल्याला कशावरून कळतं आणि ते सांगणारा कोण. २ गुण कारणांच्या जोडणीला, म्हणजे नुसती यादी नको, कोणत्या कारणाने कोणतं पुढे आलं ते सांगा. दंग्यांचंच घ्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचे भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला आणि त्याच सुमारास साऱ्याची फेरआकारणी होऊन रक्कम वाढली. हे एकामागून एक मांडलं की उत्तर उभं राहतं, सुटं सुटं लिहिलं की किराणा मालाची यादी होते. उरलेला १ गुण नेटकेपणाला. पानांना शून्य.

तुम्हाला विचारायचंय ते हे : ही वाटणी बरोबर वाटते का? विद्यापीठाची लेखी परीक्षा ७० गुणांची आहे आणि ती तपासणारा मी नसतो. मग मी मुलांना अशी सवय लावून त्यांचं नुकसान तर करत नाही ना?

---

रात्रपाळी

सर, मी एस. वाय. ला आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. रात्री एमआयडीसीत काम करतो, सकाळी कॉलेजला येतो. तुमचा कागद वाचून बरं वाटलं आणि भीतीपण वाटली.

बरं अशासाठी की आम्हाला असं कुणी कधी सांगितलेलंच नाही. पाचवीपासून ऐकतोय, 'पेपर कोरा ठेवू नको, काहीतरी लिही, पानं भर.' पुरवणी घेतली की बाजूचा पोरगा आपल्याकडे बघतो, तेवढाच मान. कोणत्या प्रश्नाला काय लिहिलं की किती मिळतात हे निकाल लागल्यावरसुद्धा कळत नाही.

भीती अशासाठी की दीड पान मीपण लिहितो. ड्युटी करून आल्यावर वाचायला तासभर मिळतो, त्यात जेवढं आठवतं तेवढं उतरवतो. माझं दीड पान आणि त्या मुलाचं दीड पान तुम्ही वेगळं कसं ओळखणार? आणि तो सुप्याचं लिहू शकला ते त्याला कुठून मिळालं? आमच्या लायब्ररीत गाईडच आहे.

---

जुना परीक्षक

भीमाकाठ, तुमची तळमळ पोचली. मी चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच वर्षं कॅपला (विद्यापीठाच्या केंद्रीय मूल्यमापनाला) पेपर तपासले, नंतर मॉडरेशन, म्हणजे तपासलेल्या पेपरांची फेरतपासणी केली. जे तिथे पाहिलं ते सांगतो.

केंद्रीय मूल्यमापनाच्या खोलीत तुमच्यापुढे गठ्ठा असतो. उन्हाळा, वर पंखा, पंख्याने पानं उडतात म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर डस्टर किंवा पाण्याची बाटली ठेवलेली. दिवसाचा कोटा ठरलेला. एका उत्तरपत्रिकेला सात-आठ मिनिटं मिळाली तर नशीब. त्यात पाच मोठी उत्तरं. अशा वेळी परीक्षक अधोरेखित मुद्दे मोजतो. हा त्याचा आळस नव्हे, माणसाला तेवढ्या वेळात तेवढंच शक्य असतं. म्हणून मुद्दे अधोरेखित करणारा विद्यार्थी मूर्ख नाही, त्याला परीक्षक कसा वाचतो ते कळलेलं आहे.

दुसरी गोष्ट. उत्तरसूचीप्रमाणे गुण देण्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. एकाच विषयाचे पेपर पंचवीस-तीस जण तपासतात. प्रत्येकाने आपल्या मनाने 'विचार' तोलायला सुरुवात केली तर एकाच्या टेबलावर ८ आणि शेजारच्या टेबलावर ४ पडतील. मग मूल पुनर्मूल्यांकनाला अर्ज करतं, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवतं, शुल्क भरतं. गरीब घरातल्या मुलाला तेही जमत नाही. सारखेपणा हा लहान न्याय नाही.

पण तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्याची जागा उत्तरसूचीतच आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने सूची देताना 'पुराव्याची चिकित्सा : ३ गुण' असं लिहून दिलं की परीक्षकाला ते तीन गुण द्यायला मोकळीक मिळते. मी दोनदा प्रश्नपत्रिका काढली तेव्हा हे केलं. 'साधन म्हणून बखरींचे महत्त्व' असा प्रश्न होता. नव्वद टक्के मुलांनी सगळ्या बखरी एका माळेत ओवल्या. सभासद हे शिवाजी महाराजांच्या पदरी असलेले, राजाराम महाराजांच्या काळात लिहिणारे. चिटणीसांची बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. हा फरक ज्याने एका ओळीतही दाखवला त्याला सूचीप्रमाणे ३ मिळाले, मग त्याची पानं दोन असोत की सात. एकाही परीक्षकाने तक्रार केली नाही.

तेव्हा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीच्या, बैठकीला जा. तिथे बोला. वर्गातला कागद हा अर्धाच उपाय आहे.

---

कोकणपट्टी

वाचनखूण साठवली. प्रतिसाद वाचतेय.

---

पेठेतली अभ्यासिका

दादा, मी तीन वर्षं पुण्यात यूपीएससी करतोय, वैकल्पिक विषय इतिहास. पदवी मराठी माध्यमातूनच. सांगायचं एवढंच की पदवीने लावलेली पानं भरायची सवय मोडायला मला पूर्ण एक वर्ष लागलं.

मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरला तीन तासांत २० प्रश्न असतात, २५० गुण. १० गुणांच्या प्रश्नाला १५० शब्द, १५ गुणांच्या प्रश्नाला २५०. दिलेल्या ठरावीक जागेतच उत्तर बसवावं लागतं. इतिहासाच्या पहिल्या पेपरात नकाशाच ५० गुणांचा : २० ठिकाणं, प्रत्येकी अडीच गुण, ठिकाण ओळखायचं आणि त्याबद्दल थोडक्यात लिहायचं. पहिल्या सराव चाचणीत इनामगावाबद्दल (ताम्रपाषाणयुगीन वस्तीचं ठिकाण) मी पाऊण पान लिहिलं. शिक्षकांनी फक्त पहिल्या दोन ओळींना खूण केली आणि बाकीच्यावर तिरकी रेघ मारली.

म्हणून भीमाकाठ सर, नुकसान करताय असं मनातसुद्धा आणू नका. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झालीय. तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना कधी ना कधी हे पेपर द्यायचेत.

---

भीमाकाठ

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुझा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, म्हणून आधी त्याचं.

दोन दीड पानं वेगळी कशी ओळखायची? उत्तराच्या मधला कुठलाही परिच्छेद काढून टाकून बघतो. गाईडातून उतरवलेल्या उत्तरात मधला मुद्दा काढला तरी काही बिघडत नाही, चौथा मुद्दा तिसरा होतो इतकंच. त्या मुलाच्या उत्तरात कायद्याचं वाक्य काढलं तर वह्या का जाळल्या हे कळेनासं होतं. एक काढलं की दुसरं पडतं. वेळ न मिळाल्याने तू थोडं लिहिलंस, पण त्या थोड्यातली वाक्यं एकमेकांना धरून असली तर ती दिसतात. तपासणाऱ्याला पहिल्या पाच ओळींतच अंदाज येतो.

आणि त्याला ते मिळालं कुठून, हे तू विचारलंस ते बरं झालं, कारण त्यात माझी चूक आहे. दंगे शिकवताना मी अहवालाबद्दल एक पान झेरॉक्स करून वर्गात वाचून घेतलं होतं. १८७८ मध्ये तो ब्रिटिश संसदेपुढे गेला, मुंबई सरकारला सुरुवातीला चौकशीचीच गरज वाटत नव्हती, वरून दबाव आला तेव्हा आयोग नेमला, असं सगळं. त्या दिवशी वर्गात ३४ मुलं होती. पटावर ७१. गैरहजर राहिलेल्यांत किती जण कामावर होते, किती जणांची एसटी चुकली होती, मी विचारलं नाही. ते पान पुन्हा कुणाला दिलंही नाही. म्हणजे पुराव्याचे ३ गुण ठेवायचे आणि पुरावा अर्ध्या वर्गालाच दाखवायचा, असं झालं. आता असं प्रत्येक पान वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि एक प्रत ग्रंथालयात ठेवतो.

जुना परीक्षक सर, अभ्यास मंडळाचं तुम्ही सांगितलंत ते मनावर घेतलंय. अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर 'विद्यार्थी ऐतिहासिक साधनांची चिकित्सा करू शकेल' असं छापलेलं असतं. नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) आम्ही त्याचं मॅपिंगही करतो, तक्ते भरतो. आणि प्रश्नपत्रिकेत चिकित्सेचा एक प्रश्न नसतो. ही तफावत लेखी मांडतो.

---

सातासमुद्र

मी नागपूरची. सध्या अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात इतिहासात पीएच. डी. करतेय आणि पदवीच्या मुलांची टीए आहे, म्हणजे निबंध आणि पेपर मीच तपासते.

इथे पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात अभ्यासक्रमाचा कागद पडतो. त्यात कोणत्या गोष्टीला किती टक्के, कोणत्या तारखेला काय द्यायचं, उशीर झाला तर दिवसाला किती कापणार, चर्चेत बोलण्याला किती, सगळं. तो करारासारखा मानतात. मध्येच प्राध्यापकांनी वाटणी बदलली तर मुलं ते पान काढून दाखवतात, आणि प्राध्यापक माघार घेतात. सुरुवातीला मला हे फार रुक्ष वाटलं. आता वाटतं, ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही त्या मुलाला याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. ज्याचे आईवडील प्राध्यापक, त्याला न सांगताही कळत असतंच.

तपासणीचं सांगते. सत्राच्या सुरुवातीला आम्ही सगळे टीए एका टेबलाभोवती बसतो. तेच पाच निबंध सगळे तपासतात, कुणी किती दिले ते मोठ्याने सांगतात. पहिल्या वेळी एकाच निबंधाला माझा बी आणि शेजारच्याचा ए होता. अर्धा तास वाद झाला. मग ठरलं की उद्धरण नुसतं चिकटवलं तर इतके, त्याचा अर्थ लावला तर इतके. त्यानंतर आमचे गुण बरेच जवळ आले. जुना परीक्षक काका म्हणतात तो सारखेपणा असाही आणता येतो. कॅपच्या पहिल्या दिवशी सकाळी तासभर असं करता येणार नाही का?

इथे सगळं छान आहे असं मुळीच नाही. ए पेक्षा कमी दिलं की मुलं रडकुंडीला येतात, आणि बी म्हणजे अपमान समजतात. तिकडे ६० टक्के मिळाले की आम्ही पेढे वाटायचो.

---

मोडीवेडी

धागा आवडला. मी शिक्षक नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर मोडी शिकले आणि आता पुण्याच्या पुराभिलेखागारात आठवड्यातून दोन दिवस जाते.

एक सुचवते. मुलांना एखादं अस्सल पत्र दाखवा. लिप्यंतर सोबत द्या, पण मूळही दाखवा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड १८९८ साली काढला तो पानिपताच्या आधीच्या दशकातल्या पत्रांचा. बखरीपेक्षा पत्राला मोल का, हे त्यांनी तेव्हा भांडून सांगितलं. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते माहीत नसतं. बखरकाराला शेवट माहीत असतो. हे मी माझ्या भाचीला स्वयंपाकघरात पाच मिनिटांत सांगितलं, तिला पटकन समजलं. सासूला फोनवर आज सांगितलेलं भांडण आणि वीस वर्षांनी लग्नात सांगितलेलं तेच भांडण, यात जेवढा फरक तेवढाच.

अवांतर : तळटीप कशी द्यायची हे बी. ए. ला शिकवतच नाहीत का? एम. ए. ची मुलं अभिलेखागारात येतात आणि रुमालाचा (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा) क्रमांक न लिहिता फोटो काढून जातात. मग महिन्याने पुन्हा येतात, कारण कोणत्या रुमालातलं ते आठवत नाही.

---

आईची बाजू

मला वेगळं बोलायचंय. माझी मुलगी टी. वाय. ला आहे. तुमच्या कागदावरचे पुराव्याचे ३ आणि जोडणीचे २, हे पाच गुण शिक्षकाच्या मनावर आहेत. अंतर्गत ३० गुण तर आधीच शिक्षकाच्या हातात. माझ्या मुलीने वर्गात एका गोष्टीवर प्रश्न विचारला, सरांना राग आला, आणि अंतर्गतचे गुण १३ आले. कशाचे १३ ते कुणी सांगितलं नाही. आता क्रेडिट पद्धतीत 'ए' ला ८ आणि 'बी प्लस' ला ७ धरतात. पाच-सात गुणांनी श्रेणी खाली येते आणि सीजीपीए कायमचा गुणपत्रिकेवर राहतो.

तुमच्यासारखा शिक्षक असेल तर ठीक. नसेल तर? पानं मोजली तर निदान भेदभाव करता येत नाही.

---

भीमाकाठ

ताई, तुमचं दुःख खरं आहे आणि त्यावर 'सगळे शिक्षक तसे नसतात' असं म्हणून मी बाजूला होणार नाही. मोकळीक दिली की तिचा गैरवापर करणारा निघतोच.

मी यंदापासून एवढं करतोय. अंतर्गत ३० ची वाटणी लिहून फळ्याशेजारी लावली : चाचणी १०, साधनवाचन ८, प्रकल्प १२. प्रत्येक पेपर मुलांना परत देतो आणि गुण कापले तिथे का कापले ते दोन शब्दांत लिहितो. नुसतं 'ठीक' किंवा 'अपूर्ण' नाही. 'साल कशावरून?' असं. 'हे सावकाराला का परवडलं?' असं. आणि वर्गाला सांगितलंय की गुण पटले नाहीत तर आठ दिवसांत लेखी द्या, मी विभागातल्या दुसऱ्या सहकाऱ्यांकडून पुन्हा तपासून घेईन. आतापर्यंत तिघांनी दिलं. एकाचे २ वाढले, दोघांचे तेच राहिले. ७१ पेपरांवर लिहायला मला चार रविवार लागले, हेही सांगतो, कारण ज्याच्याकडे दोनशे मुलं आहेत आणि जो तासिकेवर तीन कॉलेजं फिरतो त्याच्याकडून ही अपेक्षा कशी करायची, मला समजत नाही.

तुमच्या मुलीने त्या सरांना नव्हे, विभागप्रमुखांना लेखी विचारावं : 'माझ्या १३ गुणांची फोड द्यावी.' एवढंच एक वाक्य. तक्रारीची भाषा नको. पोच घ्यायला विसरू नका.

आता प्रकल्पाचं सांगतो. यंदा विषय दिला होता 'माझ्या गावातला १९७२ चा दुष्काळ'. एका मुलीने ३८ पानांचा प्रकल्प आणला, स्पायरल बाइंडिंग, रंगीत मुखपृष्ठ. सगळा मजकूर इंटरनेटवरचा आणि त्या चॅटवाल्या ॲपमधला, त्यात तिच्या गावाचं नाव एकदाही नाही. दुसऱ्या मुलीने चार पानं आणली, वहीची फाडलेली. तिने आजीला विचारलं होतं. आजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. मुकादम मस्टरवर अंगठा घ्यायचा, मुलांना सुकडी मिळायची, आणि मिलो नावाची लाल ज्वारी रेशनवर यायची, तिच्या भाकरी नीट थापल्या जात नसत. रोजच्या मजुरीचा आकडा आजी एक सांगते आणि शेजारचे तात्या दुसराच. तिने दोन्ही लिहिले. आजी म्हणते तलाव झाला तेव्हा 'तुझा बाप पोटात होता'. वडिलांचा जन्मदाखला १९७४ च्या अखेरचा. तलावावरच्या दगडावर सन १९७३. मुलीने खाली लिहिलं, 'आजीचं आणि दगडाचं जुळत नाही. काम दगड बसवल्यावरही चालू असेल किंवा आजीला दोन कामं एकच वाटत असतील.'

तिला १२ पैकी ११ दिले. एक कापला, कारण तिने लिहिलं होतं की आजीला रोजगार हमी कायद्याखाली काम मिळालं. कामं १९७२ पासून निघाली, पण कायदा १९७७ चा. तिला बोलावून ते समजावलं. तिचा चेहरा पडला नाही, तिने लगेच विचारलं, 'मग कायदा नसताना पैसे कोणत्या खात्यातून दिले?' माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आम्ही दोघं मिळून शोधतोय.

३८ पानांवालीला ४ दिले. ती रडली. म्हणाली, 'सर, बाइंडिंग धरून सव्वातीनशे रुपये गेले, वडिलांनी उसने आणून दिले.' मला फार वाईट वाटलं. 'पानांना गुण नाहीत' हा कागद मी प्रकल्प जमा झाल्यावर वाटला होता. आधीच्या वर्षी अशाच प्रकल्पांना मीच ९-१० दिले होते, ते तिने मोठ्या बहिणीचे पाहिले होते. म्हणजे ती माझ्या जुन्या नियमाने वागली आणि मी नव्या नियमाने तिला मोजलं. तिला पंधरा दिवस वाढवून दिले. सांगितलं, छापू नको, हाताने लिही, तीन माणसांना विचार. तिने काल आणून दिला. तिच्या आजोबांनी त्या वर्षी बैलजोडी विकली होती, हे तिला या वयापर्यंत माहीत नव्हतं. ९ दिले.

ॲपबद्दल बरेच जण व्यनिमधून (व्यक्तिगत निरोपातून) विचारताहेत. बंदी घालून काही होत नाही. प्रकल्प जमा करताना दहा मिनिटं समोर बसवून विचारतो, 'हे तुला कुणी सांगितलं, तेव्हा तू कुठे बसला होतास?' जो गेला असतो तो ओटा, झाड, चहा सगळं सांगतो.

---

जुना परीक्षक

भीमाकाठ, मुलीला वेळ वाढवून दिलात हे उत्तम केलंत. नियम बदलला की तो पुढच्या तुकडीला लावायचा, चालू तुकडीला नाही, हे मी माझ्या सहकाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो.

सातासमुद्र, तुमची टेबलाभोवतीची पद्धत मला पटली. कॅपला पूर्वी मुख्य परीक्षक पहिल्या दिवशी दोन-तीन पेपर सगळ्यांना वाचून दाखवत, ते हळूहळू बंद पडलं. संचालक ओळखीचे आहेत. त्यांच्याशी बोलून बघतो.

---

रात्रपाळी

सर, दोन दिवस विचार करत होतो, लिहू का नको.

मी ज्या कंपनीत रात्री असतो तिथे आधी आमचं शेत होतं. म्हणजे आजोबांचं. आजोबा गेले, वडील त्यावर बोलत नाहीत. घरी पत्र्याच्या पेटीत भूसंपादनाची नोटीस आहे, इंग्रजीत, कडेला आजोबांचा अंगठा. एक जुना सातबाराही आहे. आमच्या सरांनी प्रकल्पाला विषय दिलाय 'महाराष्ट्राचा औद्योगिक विकास', सगळी मुलं नेटवरून काढणार आहेत. मी या नोटिशीवर केला तर चालेल का? मार्क जातील का?

---

भीमाकाठ

चालेल. तुझ्या सरांना आधी भेट, विषय तोच ठेवून खाली उपशीर्षकात गावाचं नाव घालतो म्हण. नोटीस बरोबर ने, दाखव. नाही म्हणतील असं वाटत नाही.

एमआयडीसी हे महामंडळ १९६२ चं आहे. तुमच्याकडची वसाहत कधीची ते कार्यालयात विचार. सातबाऱ्यावर फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) क्रमांक असेल, तो लिहून घे आणि तलाठ्याकडून त्या फेरफाराचा उतारा काढ. नोटिशीवरची तारीख आणि फेरफाराची तारीख शेजारी शेजारी मांड. मधे किती काळ गेला, मोबदला कधी हातात आला, त्या मधल्या काळात शेत कुणी कसलं, हे वडिलांना विचार. बोलले नाहीत तर आजोबांच्या बरोबरीचं गावात कोण आहे ते बघ. तारखा जुळल्या नाहीत तर कोणतीही खोडू नकोस, दोन्ही ठेव.

नोटिशीचं इंग्रजी अडलं तर फोटो इथे टाकू नकोस, त्यात घरची नावं असतील. मला व्यनि कर. आपण शब्द लावत बसू.